पॉपकॉर्नचा एक मार्क

माझा नवरा स्वानंद शाळेत विज्ञान शिकवतो आणि आमची सई सातवीत त्याच्याच वर्गात बसते. शाळेत ‘सर’ म्हणायचं आणि घरी ‘बाबा’, हा नियम त्यानंच घातलाय. आणखी एक नियम आहे, तो कुणी बोलून दाखवत नाही. सईचा पेपर तपासताना हात आखडता घ्यायचा. दुसऱ्या मुलाला जिथे तीन मार्क, तिथे हिला अडीच. का, तर उद्या कुणी म्हणायला नको, सरांची मुलगी म्हणून दिले. या ‘कुणी’चा मला भारी राग येतो. इतक्या वर्षांत तो एकदाही आमच्या दारात आलेला नाही.

यंदा घणसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत धनाजीरावांनी मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली. ते सोसायटीचे सेक्रेटरी, एपीएमसीच्या घाऊक बाजारात त्यांचा धान्याचा गाळा. तिथून मक्याचं पोतं आणून त्यांनी मांडवाशेजारी पॉपकॉर्नचं मशीन लावलं होतं. प्रश्न काढतानाही त्यांच्या डोक्यात मकाच असावा. परीक्षक अर्थातच स्वानंद.

शेवटी ए विंग आणि बी विंग बरोबरीत आल्या. ए विंगचा ऋषी, बी विंगची सई. धनाजीरावांनी कार्ड वाचलं. मक्याचा दाणा फुटून पॉपकॉर्न होतो, हा बदल भौतिक की रासायनिक? दोघांनी पाटीवर उत्तर लिहायचं होतं. ऋषीनं लिहिलं, भौतिक. सईनं लिहिलं, दोन्ही.

मांडवात हशा पिकला. पण सईनं उभं राहून नीट सांगितलं. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती कोंडते आणि साल फोडते, हा भौतिक बदल. पण आच लागून भाजल्याचा वास सुटतो, रंग चढतो, ते नवे पदार्थ तयार झाल्याशिवाय होत नाही. तेवढा भाग रासायनिक.

मला हे सगळं ओळखीचं होतं. आदल्याच रविवारी आमच्या ओट्यापाशी, कढईवरचं झाकण दाबून धरत स्वानंदनं तिला हेच शिकवलं होतं. पुस्तकात एकच शब्द देतात, पण तू आपल्या नाकावर विश्वास ठेव, असंही वर सांगितलं होतं.

सई त्याच्याकडे बघत होती. सगळा मांडवच बघत होता. स्वानंदनं चष्मा काढून पुसला.

“कार्डावर भौतिक आहे,” तो म्हणाला. “ए विंग.”

सई रडली नाही. तिनं ऋषीशी हात मिळवला आणि पाटी पुसून ठेवली. मला मात्र त्या कार्डाचे तुकडे करावेसे वाटले.

रात्रीची पानं मी घेतली. सईनं आमटीचं भांडं उचललं आणि विचारलं, “सर, तुम्हाला आमटी वाढू?”

स्वानंदचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. सर, तुमचा फोन वाजतोय. सर, खाली इस्त्रीवाला आलाय. चिडून बोलली असती तर परवडलं असतं. ती वर्गात बोलते तसं अगदी नम्रपणे बोलत होती. त्यानं मला विचारलं, आता काय करू. मी म्हटलं, मला काय विचारतोस, कार्डावर बघ.

मग तो तिच्या खोलीत गेला आणि तुझंच बरोबर होतं, असं हळू आवाजात म्हणाला. सईनं वहीतून मान वर केली.

“घरी बरोबर आणि मांडवात चूक, असं उत्तर असतं का, सर?”

बक्षिसं त्याच संध्याकाळी आरतीआधी होती. धनाजीराव ऋषीच्या हातात ढाल देणार, एवढ्यात स्वानंदनं माइक मागून घेतला.

“सईचं उत्तर बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं. ती दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी मार्क दिला असता. माझी आहे म्हणून कापला.”

मागच्या खुर्च्यांतून आवाज आलाच, “शेवटी पोरीसाठी सेटिंग केलीच ना सरांनी.”

म्हणजे तो ‘कुणी’ अखेर उगवला. मी वळून पाहिलं, तर उरणहून आलेले कुणाचे तरी पाहुणे, हातात पॉपकॉर्नचा पुडा. याला घाबरून इतकी वर्षं अर्धा अर्धा मार्क गेला होता. स्वानंदचे कान लाल झाले, पण तो खाली उतरला नाही. सई बरोबर होती, एवढंच त्यानं पुन्हा सांगितलं. धनाजीरावांनी ढाल दोन्ही विंगांनी आलटून पालटून ठेवावी असा तोडगा काढला, आणि ऋषीची त्याला काहीच हरकत नव्हती.

स्वानंद तिथेच उभा राहून चष्मा पुसत होता. त्यानं जोरात नाक ओढलं आणि ते स्पीकरवर साऱ्या सोसायटीला ऐकू गेलं. सई खुर्चीतून उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या हातातला माइक स्वतःकडे ओढून घेतला.

“बाबा,” ती म्हणाली, “हा चालू आहे अजून.”

तेही सगळ्यांना ऐकू गेलं.