रुंद खुर्ची

पोट लहान करायच्या ऑपरेशननंतर भूक जाते हे त्याला आधीच सांगितलं होतं, पण ती गेल्यावर तिच्या वेळा तेवढ्या मागे उरतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. दुपार कलली की हात सवयीने दाभण खाली ठेवत, पाय घराकडे वळत, आणि उंबऱ्यापाशी आल्यावर त्याच्या ध्यानात येई की आतून कुणी काहीच मागत नाहीये. मग तो परत शेडमध्ये जाई, फोमच्या गठ्ठ्यावर टेकून डबा उघडी आणि बाळाला भरवायच्या चमच्याने वाटीतलं खायला लागे. घास चावायचा, त्याचा लगदा झाला की गिळायचा, चमचा खाली ठेवायचा, थांबायचं. पाणी नंतर, बऱ्याच वेळाने. जरा घाई झाली की घास छातीमागे ठाण मांडून बसे आणि डोळ्यांतून नुसतं पाणी येई. एवढ्याशा वाटीला इतका वेळ लागायचा की घरातली जेवणं केव्हाच आटोपलेली असत, म्हणून त्याने टेबलाशी बसणंच सोडलं होतं.

सोफ्या-खुर्च्यांच्या गाद्या भरणं हा त्याचा धंदा, आणि घराला लागून असलेली पत्र्याची शेड हा त्याचा कारखाना. गल्लीत त्याला जाड्या मिस्त्री म्हणत. आता अंगावरचं निम्मं वजन उतरलं, सदरे खुंटीला टांगल्यासारखे लोंबायला लागले, डोक्यावरचे केस मूठ मूठ गळले, तरी गिऱ्हाइकं शेडच्या दारात उभी राहून त्यालाच विचारत, "जाड्या मिस्त्री आहेत का हो?" सुरुवातीला त्याला याचं हसू येई. पुढे पुढे तो नुसता मान हलवायचा, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही नीटसं ठाऊक नसे.

ऑपरेशनचा निर्णय त्याने एका वाक्यावर घेतला होता. झोपेत त्याचा श्वास अडायचा. छाती वर चढे आणि तिथेच थांबून राही, बायको घाबरून त्याचा खांदा ढोसे, तेव्हा कुठे तो सुटे. डॉक्टर म्हणाले होते, "मुलगी मोठी झालेली बघायची असेल तर आता चालढकल नको." मुलीला तो खारू म्हणे, कारण ती कुठल्याही फटीत शिरून बसत असे आणि तिची सगळ्यात आवडती फट म्हणजे त्याच्या रुंद खुर्चीची उजवी बाजू. रविवारी दुपारी जेवणं झाली की ती तिथे घुसायची, त्याच्या पोटावर डोकं टाकायची आणि बोलता बोलता झोपून जायची. ऑपरेशननंतर टाके दुखतील म्हणून तिला लांब ठेवलं. टाके सुकल्यावर ती एकदा टेकली, लगेच उठली आणि म्हणाली, "बाबा, तुझी हाडं टोचतात." त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पण त्यानंतर ती कधी टेकली नाही.

तिने पुन्हा एकदा आपल्या अंगावर डोकं टाकून झोपावं, एवढीच एक इच्छा आता त्याच्यात उरली होती. बाकीच्या इच्छा भुकेबरोबरच गेल्या होत्या. ही एक राहिली होती खरी, पण तीसुद्धा त्याला दुसऱ्या खोलीत कुणी बोलत असावं तशी लांबून जाणवायची.

रुंद खुर्ची त्याने स्वतःसाठी स्वतःच बांधली होती, कारण बाजारातली एकही त्याच्याखाली टिकेना. तो तिच्यात डावीकडे सरकून बसे, उजवीकडे मुलीपुरती जागा ठेवून. वजन उतरल्यावर मोठ्या हौसेने त्याने ती सोलून काढली, बैठकीखाली नवारेच्या नव्या पट्ट्या ताणल्या, नवा कडक फोम घातला, वर तेच जुनं निळं कापड बसवलं. मग तो तिच्यात बसला. दोन्हीकडून पोकळी लागली, बुडाची हाडं दुखली, आणि दुसऱ्याच्या घरी न विचारता शिरल्यासारखं काहीतरी वाटून तो उठला. त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीवर उशी घेऊन बसू लागला. रुंद खुर्ची टेबलाच्या टोकाशी आपल्या जागी रिकामी राहिली.

एका सकाळी केर काढताना त्याने ती बाजूला ओढली आणि हात बैठकीवर टेकला. फोम बसला होता.

त्याने पुन्हा दाबून पाहिलं. या कामात त्याचा हात इतका मुरलेला होता की गादीवरून हात फिरवला की माणूस कसा बसतो, कुठल्या पायावर भार देतो, हे तो सांगून टाकी. नवा फोम भाराशिवाय बसत नाही, आणि इतक्या लवकर बसायचा तर भारही तसाच हवा. डाव्या अंगाला रुंद, खोल खळगा होता. त्याला लागून उजवीकडे एक लहानसा, उथळ.

"या खुर्चीत कोण बसतं गं?" त्याने बायकोला विचारलं.

ती भांडी पुसत होती. "कोण बसणार? तुम्हीच."

"मी शेडमध्ये जेवतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "हो का," ती म्हणाली आणि फडकं पिळून वाळत घातलं.

यावर आपण चिडायला हवं, निदान घाबरायला तरी हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि तो थोडा वेळ त्याची वाट बघत उभा राहिला. काहीच आलं नाही. मग त्याने राहिलेला केर काढला.

दोन-चार दिवसांनी तो मुद्दाम डबा अर्धा टाकून घरात गेला, तर बायको टेबलाच्या टोकाकडून मोठं ताट उचलून नेत होती. ताट लख्ख होतं. भाताचं शीतही उरलेलं नव्हतं, आणि कडेला माशाचे काटे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून ठेवले होते. ही त्याची लहानपणापासूनची खोड. आई यावरून त्याला चिडवायची, लग्नानंतर बायको चिडवायची. मासा आता त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

"आज पोटभर जेवलात," बायको म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ते समाधान त्याने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

आहाराचं बघणाऱ्या ताईंकडे त्याला अधूनमधून जावं लागे. त्या त्याला काट्यावर उभं करत, खुश होत, गोळ्या नियमित घेता ना म्हणून दटावत. एकदा त्यांच्या खोलीत शिरताना तो सवयीने अंग तिरकं करून दारातून आत आला, तशा त्या हसल्या.

"काका, आता दार पुरतं तुम्हाला. सरळ या."

"सवय जात नाही."

"जाईल. शरीर आधी उतरतं, डोकं मागून येतं. कितीतरी जणांना आरशात अजून जुनेच दिसतात."

तो गोळ्यांची पुडी खिशात ठेवत राहिला. मग म्हणाला, "हे जे उतरलं, ते जातं कुठं?"

"चरबी?" त्यांना प्रश्न आवडला. "लोकांना वाटतं घामातून जाते. खरं म्हणजे बरीचशी श्वासावाटे जाते, काका. तुम्ही ती घरभर सोडत असता. हवेतच जाते."

येताना तो पुन्हा तिरकाच होऊन बाहेर पडला.

नंतर एका दुपारी शेडमध्ये डबा खाताना त्याला घरातून टकदिशी आवाज आला. भाराखाली नवारेचा खिळा उपटला की येतो तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. तो दारात जाऊन उभा राहिला. खारू तोंडावर हात दाबून हसत होती. "बाबा, मोडलीस ना!" ती म्हणाली, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती खुर्चीकडे बघत होती, डोळे थोडे वर करून, समोर बसलेल्या मोठ्या माणसाकडे बघावं तसे. बायकोही तिकडेच बघून हसू दाबत होती. किती तरी दिवसांनी त्या घरात कुणी असं हसत होतं.

"आण इकडे," तो बायकोला म्हणाला, "बघतो."

शेडमध्ये त्याने खुर्ची उलटी केली. नवारेची एक पट्टी मुळापासून उखडली होती, दुसरी उसवत आली होती. आता ती मोडून जळणाला टाकता आली असती, भंगारात देता आली असती, नुसती उलटी कोपऱ्यात ठेवता आली असती. पण इथे त्याची चूक झाली, आणि ती त्याच्याच धंद्यातल्या माणसाच्या हातून व्हावी अशी चूक होती. मोडलेली बैठक समोर आली की कोण बसणार हे हात विचारत नाहीत, किती वजनाचं माणूस बसणार एवढंच विचारतात. त्याने दुहेरी नवार घेतली, लांब खिळे घेतले, खालून आडवी पट्टी ठोकली, सगळ्यात दाट फोम काढला. तोंडात खिळे धरून तो काम करत राहिला, आणि ऑपरेशननंतर प्रथमच त्याला जरा बरं वाटलं. कापड ताणून बसवल्यावर त्याला कळलं की उजव्या बाजूला आपण थोडा मऊ फोम भरलाय. लहान डोकं, लहान गुडघे तिथे अवघडू नयेत असा.

त्याने खुर्ची उचलून टेबलाच्या टोकाशी ठेवली. बायकोने तिच्यावरून फडकं फिरवलं. "बरं केलंत," ती म्हणाली. "आता बिनघोर बसा."

त्या रविवारी त्याने शेडमध्ये एक उकडलेलं अंडं खाल्लं, तेही सगळं गेलं नाही. हात धुऊन तो घरात आला. बायको आतल्या खोलीत आडवी झाली होती, पंखा फिरत होता, टेबल पुसून स्वच्छ होतं. रुंद खुर्चीत उजव्या अंगाला खारू पाय पोटाशी घेऊन झोपली होती. तिचं डोकं डावीकडे कललेलं होतं आणि डोक्याखाली काहीच नव्हतं.

मान लोंबत नव्हती. त्या बाजूचे केस दबून वर गेले होते, गाल चपटा झाला होता, ओठ अर्धवट उघडे पडले होते. आणि तिचं डोकं सावकाश वर जात होतं, सावकाश खाली येत होतं. तिच्याच श्वासाने असेल, असं त्याला वाटलं, पण तिचा श्वास लहान होता, भरभर चालत होता, आणि हे फार संथ होतं, फार मोठं. त्याने आपला श्वास रोखून पाहिला. डोकं वर गेलं, खाली आलं.

तो बघत उभा राहिला. त्याला जे हवं होतं ते अगदी तसंच्या तसं त्याच्यासमोर चाललं होतं. त्याला रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही.

मग डोकं वर गेलं आणि तिथेच थांबलं.

पंखा फिरत होता. डोकं खाली येईना. आतल्या खोलीतून बायकोचा झोपेतला आवाज आला, "अहो..." आणि पुढे काहीच नाही. तो पुढे झाला. बायको जिथे ढोसायची तिथे, तो स्वतः आता त्या खुर्चीत बसला असता तर त्याचा खांदा आला असता त्याहून जरा वर आणि बऱ्याच बाहेर, त्याने बोटांनी हलकेच ढोसलं.

श्वास सुटला. खारूचं डोकं अलगद खाली आलं. "बाबा," ती झोपेतच पुटपुटली आणि आणखी आत सरकली.

त्याने पंख्याचा वेग जरा कमी केला आणि तो शेडकडे निघाला. दारातून जाताना तो पहिल्यांदाच तिरका झाला नाही.