वळणावरचा लाल शेंडा

सकाळचे आठ. घाटरस्ता बंद. माझा फक्त शेंडा बर्फाबाहेर आहे.

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे, किरगिझ डोंगरातल्या एका वळणावरचा. रस्त्याच्या कामगारांनी मला चीडवृक्षाच्या खोडातून तासले, डोक्याला लाल रंग दिला आणि दरीच्या कडेला रोवले. बर्फात रस्ता कुठे संपतो, हे दाखवणे माझे काम. पूर्वी ट्रकवाले जाता जाता मला हात करायचे. आता रंग विटला आहे.

गेल्या उन्हाळ्यात एर्मेक आणि त्याची बायको बुरुल, दोघे शहरातून वरच्या गावात घर पाहायला आले. गाव रिकामे होते. जनावरे घेऊन सगळे उंच कुरणांवर तंबूत गेले होते, दरवर्षी जातात तसे. हिवाळ्याचे विचारायला दारात कोणी नव्हते.

बुरुलने मान वर करून मला पाहिले. "एवढा उंच खांब कशाला?"

"उंट बांधायला," एर्मेक हसला. "रस्ता बघ, थेट दारापर्यंत जातो."

घर घेतले. मग बर्फ आला. मी इतके हिवाळे पाहिले, तरी दर वेळी थक्क होतो. जराही आवाज न करता कुंपणे जातात, माणसाहून मोठे खडक जातात, रस्ता जातो. शेवटी डोंगर, रस्ता आणि दरी मिळून एकच पांढरे अंग होते. त्यासमोर मी केवढासा.

आज पहाटे बुरुलला कळा सुरू झाल्या. दवाखाना खाली, घाटाच्या पायथ्याशी. शेजारच्या असानालीने घोडा बर्फगाडीला जुंपला. माझ्यापाशी पोचेपर्यंत तो एर्मेकला सुनावत होता.

"आम्ही मुलगी देतानासुद्धा आधी हिवाळ्यातली वाट विचारतो. तू घर घेतलंस, तेही जुलैत."

"कुणाला विचारणार होतो? तुम्ही सगळे वर होतात."

मेंढीच्या कातड्याखालून बुरुल म्हणाली, "भांडण नंतर करा. खांब दिसतोय का, तेवढं सांगा."

"शेंडा दिसतोय, सूनबाई," असानाली म्हणाला.

बुरुलने हात बाहेर काढून मला स्पर्श केला. गाडी पुढे गेली.

मित्रांनो, डोंगरात घर घ्याल तेव्हा बर्फ असताना एकदा या. नाहीच जमले, तर रस्त्याकडेच्या खांबाची उंची बघा. बर्फ तिथवर येतो. आणि आमच्यातला एखादा पडला, तर उभा करा. माझ्यापुढचा खांब दरड कोसळली तेव्हा मोडला. त्याची जागा अजून रिकामी आहे.

गाडी आता तिथे पोचली आहे. घोड्याच्या गळ्यातली घंटा मला ऐकू येते आहे.