चारचा आकडा

प्रोग्राम मी लिहिला होता. पहिल्या रांगेत फक्त १. पुढच्या रांगेत मागची रांग मोजून लिहायची: एक वेळा एक, म्हणजे ११. त्यात दोन वेळा एक, म्हणजे २१. मग १२११. कॉम्प्युटर आपला लिहीतच जातो. अल्लीपूरहून वर्ध्याच्या शाळेत येता-येता बसमध्ये सुचलं होतं मला ते.

तरी विज्ञान प्रदर्शनाच्या यादीत नाव लागलं वर्गातल्या अभिरामचं. आमच्याकडे मुलं कॉम्प्युटर चालवतात आणि मुली चार्ट रंगवतात. विज्ञानाच्या माणिक सरांनी माझा प्रोग्राम त्याला दिला, मला स्केचपेन. शाळेतल्या प्रदर्शनातून जिल्ह्याला एकच जण जाणार होता. मी घरी जाऊन उशीत तोंड घालून रडले, एकदाच.

चार्टवर काय लिहायचं, ते अभिराम सांगत होता. म्हणाला, "लिही, पुढे चार ते नऊ सगळे आकडे येतात."

माझा पेन थांबला. चार येतच नाही त्यात. कधीच नाही.

"नक्की लिहू?"

"काऊन, तुले समजते काय त्यातलं?"

मग लिहिलं. लालभडक, टपोऱ्या अक्षरांत. खाली हिरवी वेलसुद्धा काढली. माझी मैत्रीण जया म्हणाली, सांगून टाक ना त्याला. मी म्हटलं, मी तर चार्ट रंगवून राह्यली.

प्रदर्शनात परीक्षक मॅडमनी नेमकं तेच वाक्य वाचलं आणि चार दाखव म्हणाल्या. अभिरामने प्रोग्राम चालवला. वीस रांगा, तीस रांगा. एक, दोन, तीन, पुन्हा एक. येईल मॅडम, येईल, असं म्हणत राहिला. त्याचे कान लाल होत गेले आणि मी ते मजेत बघत उभी.

"हे लिहिलं कोणी?" मॅडमनी चार्टवर बोट ठेवलं.

"आकांक्षानं," तो लगेच म्हणाला.

याचीच तर वाट बघत होते.

"हो मॅडम. चार्ट मी लिहिला, त्यानं सांगितला तसा. प्रोग्रामही मीच लिहिला, तो मात्र कोणीच सांगितला नव्हता." मग समजावलं. चार यायला आधीच्या रांगेत सलग चार सारखे आकडे हवेत, समजा ११११. म्हणजे त्याच्याही मागच्या रांगेत एक वेळा एक, पुन्हा एक वेळा एक. पण शेजारचे दोन एक कोण वेगळे मोजेल? दोन वेळा एक, असंच लिहिलं असतं ना!

मॅडमनी माणिक सरांकडे पाहिलं. सरांनी तिथंच यादीतलं नाव खोडून माझं लिहिलं.

जिल्ह्यासाठी नवा चार्ट लागणारच होता. मी स्केचपेनचा डबा अभिरामपुढे सरकवला.

"वेल मोठी काढजो," म्हटलं.