शिवदासची हाक

गिरणीत बावीस वर्षं कापड विणायचे साचे चालवले म्हणजे कान जाणारच, त्यात नवल ते काय! साचाखात्यातल्या त्या खडखडाटात देव जरी ओरडला असता तरी ऐकू आला नसता. तिथे सगळे बोलायचे ते हातांनी आणि ओठांनी. गुणाजी तर खात्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाची शिवीसुद्धा ओठांवरून ओळखायचा आणि हाताने तिथल्या तिथे परत करायचा.

मग संप झाला, गिरणीला टाळं लागलं. दोन वर्षं घरी बसल्यावर कुठे अंधेरीला, पत्र्याची झाकणं काढणाऱ्या एका गाळ्यात काम मिळालं. पहिल्या दिवशी निघताना त्याच्या बायकोने, सुगंधाने, बजावलं, "कानाचा कोणाक सांगू नकात. भायर काढतील."

नाही सांगितलं. मालक समोर बसून बोलला, गुणाजी त्याचे ओठ बघत "होय शेठ, होय शेठ" करत राहिला. लागला कामाला.

प्रेसवर जोडीला शिवदास होता, जालन्याकडचा. जीव लावणारा गडी. डबा उघडला की ठेचा आधी गुणाजीच्या भाकरीवर. पुढून तो पत्रा सरकवायचा, मागून गुणाजी पायाने पेडल दाबून वरचं पातं खाली आणायचा. मध्ये मशीन, त्यामुळे तोंड दिसायचं नाही. पण चाल ठरलेली. पत्रा, पाय, पत्रा, पाय. गुणाजीला वाटलं, निभेल. अरे वेड्या, कसं निभेल?

चौथ्या महिन्यात पत्रा अडकला. शिवदासने तो सोडवायला हात आत घातला आणि ओरडला, "थांब!" सगळ्या गाळ्याने ऐकलं. गुणाजीने पाय दाबला.

चार बोटं गेली. मालकाने शिवदासलाच बेफिकीर ठरवून घरी बसवलं, गुणाजीला कोणी हटकलंसुद्धा नाही. आठ दिवस गेले. रविवारी सुगंधाला घेऊन तो कांजूरमार्गला शिवदासच्या खोलीवर गेला.

"मला ऐकू येत नाय रे, शिवदास," तो रडत म्हणाला. "पयल्यापासून. मी लपवलं."

शिवदासने पट्टी बांधलेला हात पोटाशी घेतला. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. बोलत होता, बराच वेळ. खांदे हलत होते. गुणाजीला नुसती त्याची पाठ दिसत होती.

बाहेर आल्यावर गुणाजीने बायकोचा दंड धरला. "काय म्हणालो गो तो?"

सुगंधाने डोळे पुसले. त्याला नीट दिसावं म्हणून तोंड त्याच्याकडे केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमका ऐकाक येत नाय, ता बराच झाला."