गाभाऱ्यातल्या फरश्या

धामणखेडचं महादेवाचं देऊळ काळ्या दगडाचं. चुना नाही, माती नाही. दगडाला खाच पाडून त्यात दुसरा दगड बसवलेला. आठशे वर्षांत एक सांधा हलला नव्हता. गाभारा जमिनीखाली, पाच पायऱ्या उतरून.

मनकर्णाबाईला त्या बांधणीचं पुस्तकी ज्ञान नव्हतं. पण तीस वर्षं ती रोज सकाळी आपल्या मळ्यातली शेवंती घेऊन यायची आणि फुलं देण्याआधी गाभारा धुवायची. बादली ओतली की पाणी आपसूक उत्तरेकडे सरकायचं, भिंतीच्या बुडाशी असलेल्या वीतभर मोरीत शिरायचं आणि देवळामागच्या उतारावरल्या दगडी गोमुखातून बाहेर पडायचं. तो उतार डोळ्यांना दिसत नसे, पायांना कळे.

उन्हाळ्यात देवस्थान समितीनं जीर्णोद्धार काढला. समितीचे अध्यक्ष खुशालराव स्वतः देखरेखीला उभे राहिले. सभामंडपातल्या खांबांना ऑइल पेंट फासला. खांबांवरच्या नर्तकींची अंगं गुलाबी झाली, ओठ लालभडक. अकोल्याहून मिस्त्री आणून गाभाऱ्यात पांढऱ्या चकचकीत फरश्या बसवल्या. मोरीच्या तोंडावर फरशी येताना पाहून मनकर्णाबाई पुढे झाली.

"भाऊ, तुमी मोरीच बुजवून राहिले. पानी जाईन कुठून?"

"मावशी, तुमी तुमच्या फुलायचं पाहा," खुशालराव हसले. "गाभाऱ्यात आता हॉटेलवानी चमक येते का नाई पाहा."

नत्थुजी गुरव जवळच होता. पूजा त्याची, देव त्याचा. पण तो खाली मान घालून पितळी तांब्या पुसत राहिला.

श्रावण लागला. सोमवारी तालुका लोटला. दूध, दही, मध, उसाचा रस, सगळं पिंडीवर आणि तिथून फरशीवर. जायला वाट नव्हती. दुसऱ्या सोमवारपर्यंत गाभाऱ्यात घोटाभर गढूळ पाणी साचलं. बेलाची पानं त्यात काळी पडली, दुधाचे गोळे फुगून तरंगू लागले, वर साय यावी तसा बुरशीचा पापुद्रा आला. मनकर्णाबाई घमेल्यानं ते उपसायची. एकदा तिनं मूठभर शेवंती उचलली, आपल्याच मळ्यातली, तर ती बोटांत चिखलासारखी पिचकली आणि आतून पांढऱ्या अळ्या वळवळत मनगटावर आल्या.

खुशालरावांनी वासावर इलाज केला. मोगऱ्याच्या वासाचा फवारा आणला. नासलेलं दूध आणि तो मोगरा एकत्र झाले. मनकर्णाबाई पायऱ्या चढून जेमतेम वर आली आणि उंबऱ्याशीच भडाभडा ओकली.

रांगेतल्या बायांनी पदर नाकाला लावले. खुशालराव धावत आले. "काय हे मावशी! देवळात घान करता? तुमी धूत नाई नीट, म्हनून तर वास सुटला."

मनकर्णाबाईनं तोंड पुसलं. त्या रात्री सून चंदानं ताट वाढलं, पण हाताचा वास जाईना. राखेनं घासला, लिंबानं घासला. घास तोंडापाशी नेला की तोच वास.

सकाळी ती आली ती शेतातली सब्बल, लोखंडी पहार, घेऊन. पायऱ्या उतरली, लुगडं खोचलं आणि उत्तरेच्या भिंतीशी पहिला घाव घातला.

"काहून फोडून राहिली वं बाई?" नत्थुजी ओरडला. "खुशालराव मले ठेवनार नाई!"

"देवाले नरकात बसवलं तुमी. तुमाले वास येत नाई का, नत्थुजी?"

नत्थुजीनं नाकावरचा रुमाल काढला, धोतर वर खोचलं आणि त्या घाणीत उतरला. "दे इकडे," तो म्हणाला.

चौथ्या घावाला फरशी दुभंगली. खाली सिमेंटचा गोळा होता. तोही फुटला. मग भिंतीतून गुळगुळ आवाज आला आणि सगळं पाणी एका अंगाला ओढलं जाऊ लागलं. मागच्या बाजूला लोक किंचाळत हटले. काळा, चिकट लोंढा गोमुखातून बाहेर पडत होता. पानं, दोरे, अळ्या, सगळं.

तासाभरात खुशालराव आले. चिडतील असं वाटलं होतं. पण लोक खूश दिसत होते. मग खुशालरावांनी गोमुखाशी उभं राहून फोटो काढून घेतला. दुपारपर्यंत गावभर मोबाइलवर फिरलं, की समितीनं प्राचीन जलमार्ग शोधून काढला.

पुढच्या सोमवारी त्यांनी सत्काराची शाल मनकर्णाबाईपुढे धरली. त्यांच्या अंगाला त्याच फवाऱ्यातल्या मोगऱ्याचा वास येत होता.

"ठेवा तुमच्यापाशीच," ती म्हणाली. "मले मळमळते."

फुलं आता ती बडनेऱ्याच्या बाजारात नेते. देवळात जात नाही. गाभारा नत्थुजी धुतो.