सांदलीवरची जाळी

“रजई चारी बाजूंनी जमिनीला टेकली पाहिजे, हाजरगुल. ऊब बाहेर सांडली की सुताराचं नाव सांडलं.”

गावचा कसबी सुतार, उस्तो होलमुरोद, जाऊन सहा वर्षं झाली, तरी सांदलीचे पाय कापताना हाजरगुलच्या कानात बापाचं हे बोलणं असायचंच. सांदली म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, खड्ड्यावर ठेंगणी मेज, मेजेवर रजई आणि रजईत पाय खुपसून बसलेलं सगळं घर. त्यावाचून त्या खोऱ्यातला हिवाळा सरत नाही. पण दर हिवाळ्यात कुणाचं तरी मूल झोपेत खाली घसरे आणि पाय भाजून घेई. “अल्लाची मर्जी,” म्हणून बायका डोळे पुसत. हाजरगुलची एकही नमाज चुकत नसे, पण हे मर्जीवर ढकलायला तिची जीभ रेटेना. म्हणून गेल्या साली तिनं खड्ड्याच्या तोंडावर बसेल अशी जाळी केली. तुतीची चौकट, आत लोखंडी गज. नऊ घरांनी ती घेतली.

काल तिन्हीसांजेला त्याच नऊ घरांतल्या एका घरी दोन वर्षांची शहरबोनू भाजली.

सकाळी हाजरगुल त्या अंगणात शिरली तेव्हा पोरीची आजी, बीबी सनावबर, एकटीच उंबऱ्यावर बसली होती.

“ये, उस्तोची पोर. जाळी बघायला आलीस? वर बघ, छपरावर आहे.”

छपरावर जाळी होती. तिच्यावर फडकं, आणि फडक्यावर दह्याचे पांढरे गोळे, कुरुत, ओळीनं वाळत घातलेले.

“खालून वारा, वरून ऊन. कुरुत वाळवायला अशी चीज नाही बघ. गावभर नाव झालंय तुझं.” बीबी छपराकडे न बघताच म्हणाली.

“खड्ड्यावरून काढलीत कशाला, बीबी?”

“तर काय करू? निखारा उकरायची पळी जाते का तुझ्या गजांतून? दिवसातून चारदा उचला, चारदा ठेवा. माझं कंबरडं काय तू घडवलंयस? काल दुपारी उचलली ती म्हटलं राहू दे, जरा कुरुत वाळतील. सुनेला सांगायचं राहिलं. ती जाळीच्या भरवशावर पोरीला सांदलीत झोपवून गाय पिळायला गेली. मी तिथंच होते गं. माझा डोळा लागला.”

जाळी नव्हती तेव्हा या गावातली कुठलीही आई मुलाला सांदलीपाशी सोडून हलत नव्हती. तो धाक हाजरगुलच्या जाळीनं काढून घेतला होता. गज किती जाड, चौकट किती रुंद, सगळं तिनं मोजलं होतं. पण निखारे दिवसभर जागते ठेवणाऱ्या बाईचा हात मोजायचा राहून गेला. तिच्या घरी ते काम आईनं केलं. ती स्वतः सदा बापाच्या रंध्यापाशी.

“पाय कसा आहे?”

“जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलंय. डाव्या पायाची बोटं राहतील की नाही, परवा सांगतील म्हणे.”

हाजरगुल आत गेली, पळी उचलून तिचं तोंड वितीनं मोजलं. एक वीत, वर दोन बोटं.

“बीबी, बर्फ पडायच्या आत नऊही जाळ्यांना पळी आत जाईल एवढं झाकण करते. बिजागरीचं. जाळी उचलायची गरजच पडणार नाही.”

“आणि कुरुत?”

“त्याला वेगळी चौकट देते. हलकी, नुसत्या लाकडाची. छपरावरच राहील.”

“तुला दारात उभं कोण करणार? तुझी जाळी घेतलेली ती चढणीवरची फझिलत तर आत्ताच म्हणतेय, उस्तोच्या पोरीनं नसतं खूळ आणलं.”

“म्हणू दे. तिच्या घरी जुळी रांगताहेत, आधी तिथंच जाते. शब्द दिला, बीबी.”

“कर बाई. माझ्याकडून आता काही व्हायचं नाही,” म्हणत बीबीनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं.

हाजरगुल घरी आली. दुपारची नमाज पढली, शहरबोनूच्या पायासाठी हात पसरून दुवा मागितली. मग लोखंड कापायची करवत, दोन बिजागऱ्या आणि मूठभर खिळे पिशवीत टाकले, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि कुणाला काही न सांगता फझिलतच्या घराची चढण चढू लागली.