हिरव्या अक्षरांतलं ‘सगळं ठीक’

मी बोलतोय, वृद्धाश्रमातल्या सिस्टरांच्या टेबलामागे टांगलेला बेलचा डबा. खोलीतून कुणी दोरी ओढली की वाजायचं आणि खोलीचा नंबर दाखवायचा, एवढंच माझं काम. तेही एकदा माझ्या हातून झालं नाही. तेव्हापासून तोंड दाखवायची लाज वाटते, पण भिंत सोडून जाणार कुठे?

कारखान्यात माझ्या भावंडांना बेल ऐकणारी जी चिप बसवली, ती माझी पाळी येईपर्यंत संपली. मला दुसऱ्या बनावटीची बसवली. पाठीवर नाव मात्र सगळ्यांच्या एकच. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मला तर नाहीच.

मग एका दुपारी कंपनीतल्या इंजिनीअरबाईंनी नवं फर्मवेअर पाठवलं, म्हणजे मला चालवणारा प्रोग्रॅम. आत शिरताना त्याने मॉडेलचं नाव विचारलं. मी सांगितलं. नाव जुळलं, ते बसलं. पण माझी चिप त्याच्या ओळखीची नव्हती. मी ठार बहिरा झालो, आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत झळकलं, ‘सगळं ठीक’.

“आज आजी-आजोबा भारीच गुणी झालेत,” सिस्टर हसून म्हणाल्या.

त्याच वेळी टोकाच्या खोलीतले पोस्टमन आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले होते. तिथली दोरी ओढून ओढून थकले. कपडे वाळत घालणाऱ्या बाईंच्या कानावर कण्हणं पडलं, तेव्हा कुठे धावाधाव झाली. हात मोडला होता.

त्यांची लेक आली. माझ्याकडे बघत म्हणाली, “बाबा पडले होते तेव्हाही हे असंच दाखवत होतं?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. मी तसाच हिरवागार.

इंजिनीअरबाईंनी येऊन माझं झाकण उघडलं. चिप पाहिली आणि म्हणाल्या, “मी नुसतं नाव विचारलं. आत काय बसवलंय, ते विचारायला हवं होतं. चूक माझी.”

“मला नका सांगू. बाबांना सांगा,” लेक म्हणाली.

आजोबा चाकाच्या खुर्चीत समोरच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मशीन बिघडलं होतं होय?” ते हळूच म्हणाले. “मला वाटलं, सारखा बोलावतो म्हणून सगळे कंटाळले.”

आता नवं फर्मवेअर आलं की आधी माझी एकेक चिप तपासतं. बसल्यावर चाचणीची बेल ऐकू आली नाही, तर आपोआप जुनंच परत बसतं.

पण आजोबा दोरीला हात लावत नाहीत. काही हवं असलं तर दाराकडे बघत बसून राहतात म्हणे. सिस्टर, माझ्या भरवशावर राहू नका. जाता-येता त्यांच्या खोलीत डोकावत जा.